खोकला, खिडकी आणि दहावा माणूस

(तेवेत महिन्यात, शब्बाथच्या सांगतेनंतर आपल्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



गेल्या शब्बाथला सकाळच्या तेफिलामध्ये आपण सर्व अमीदासाठी उभे होतो. त्या मौनात जे करू नये ते मी केले. मी खोकले मोजले. पहिला स्त्रियांच्या बाजूने आला, दुसरा त्याला उत्तर द्यावे तसा मागच्या बाकावरून उठला, आणि मग पावसाच्या पहिल्या थेंबांनंतर सर यावी तसे झाले. एकविसापर्यंत मोजले आणि बाविसावा माझाच निघाला. शेजारच्या गृहस्थांनी न बोलता खिशातून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्या खड्यातून आजचे हे व्याख्यान निघाले आहे.

व्यवस्थापकांनी मला इतिहासावर बोलण्यास सांगितले होते. आपल्या समाजाचा इतिहास म्हटला की नवगावचा किनारा, फुटलेले जहाज, सात पुरुष व सात स्त्रिया येथून आरंभ करण्याचा प्रघात आहे. आज मी तो मोडणार आहे. हिवाळ्यातला खोकला शमवून चारचौघांत, सभेत, प्रार्थनेला कसे जावे, या प्रश्नाचाच इतिहास मी सांगणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल, परंतु माणसे एकत्र कशी जमली आणि जमताना एकमेकांची काळजी त्यांनी कशी घेतली, हे या क्षुल्लक गोष्टीत जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या घटनांत दिसत नाही.

प्रारंभ मिश्नापासून करू. इ. स. २०० च्या सुमारास रब्बी येहुदा हन्नासी यांनी संकलित केलेल्या मिश्नामध्ये शब्बाथविषयीच्या भागात एक लहानसा नियम आहे. शब्बाथच्या दिवशी सार्वजनिक रस्त्यावरून वस्तू वाहून नेणे निषिद्ध आहे. मग घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या तोंडात काही असेल तर काय? नियम सांगतो की मिरीचा दाणा चालेल, मिठाचा खडा चालेल, आणि ती तोंडात धरते असे दुसरे काहीही चालेल. मात्र ते शब्बाथ लागण्यापूर्वी तोंडात घातलेले असावे, आणि वाटेत पडले तर पुन्हा उचलून घालू नये. तल्मूदातील आचार्य याचा खुलासा करतात, तो असा: मिरी मुखाच्या वासासाठी, मीठ दाढेसाठी, आणि ‘दुसरे काही’ म्हणजे सुंठ किंवा दालचिनी.

खोकल्याचे नाव येथे घेतलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण चित्र पाहा. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची एक यहुदी स्त्री चारचौघांत जाण्यापूर्वी गालात मिरीचा दाणा धरते, आणि तो दाणा मलबारच्या किनाऱ्यावरून, मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या गलबतातून, तांबड्या समुद्रामार्गे तिच्यापर्यंत आलेला असतो. आपले पूर्वज हिंदुस्थानच्या किनाऱ्याला केव्हा लागले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्या किनाऱ्याची मिरी मात्र इस्रायलच्या भूमीत फार पूर्वीच येऊन पोहोचली होती. आपल्या आज्या गालात लवंग धरून देवळाला निघत, तेव्हा त्या किती जुना रिवाज पाळीत होत्या, याची त्यांना कल्पना नसावी.

दुसरा नियम सोळाव्या शतकातला आहे. रब्बी योसेफ कारो यांनी त्सफात नगरीत बसून शुल्हान आरुख रचला आणि तो १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. शब्बाथच्या दिवशी किरकोळ दुखण्यासाठी औषध घेऊ नये असा सामान्य दंडक आहे; औषधाच्या निमित्ताने माणूस मुळ्या कुटू लागेल, आणि कुटणे हे शब्बाथला वर्ज्य काम, अशी त्यामागची चिंता. परंतु त्याच प्रकरणात कारो सांगतात की आवाज गोड व्हावा म्हणून कच्चे अंडे गिळण्यास किंवा गोड डिंकासारखे पदार्थ खाण्यास हरकत नाही. म्हणजे हझानच्या गळ्याची सोय शास्त्राने करून ठेवली आहे. आवाज सुधारणे निराळे आणि रोग बरा करणे निराळे, हा सूक्ष्म भेद त्यात आहे. तो ध्यानात ठेवावा, कारण शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तिसरा नियम पुन्हा मिश्नाचा, योम किप्पूरविषयीच्या भागातला. रब्बी मात्या बेन हेरेश सांगतात की ज्याच्या घशात दुखणे आहे त्याच्या तोंडात शब्बाथच्या दिवशीही औषध घालावे, कारण त्यात जिवाला धोका असल्याची शंका आहे. आणि जिवाची नुसती शंकासुद्धा शब्बाथला बाजूला सारते. या तीन नियमांत आपल्या विषयाचा सगळा गाभा आला. सुखासाठी तोंडात धरायचा मिरीचा दाणा, आवाजासाठी गिळायचे अंडे, आणि जिवासाठी द्यायचे औषध. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, घशाखाली काहीतरी उतरते एवढेच. यांपैकी आपण कोणते करीत आहोत हे ओळखणे, यातच शहाणपण आहे.

आता रब्बी मोशे बेन मैमोन यांच्याकडे वळू. आपण त्यांना रामबाम म्हणतो. १२०४ मध्ये ते मिसर देशी निवर्तले. तेथे ते राजदरबारी वैद्य होते. दम्याने पीडित अशा एका उच्चकुलीन रुग्णासाठी त्यांनी अरबीत एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या रुग्णाचे दुखणे साध्या पडशाने सुरू होई, विशेषतः हिवाळ्यात, आणि मग श्वास घेणे कठीण होऊन बसे. रामबाम त्याला मुख्यतः पथ्य सांगतात: आहार बेताचा, हवा कोरडी व स्वच्छ, झोप व मन यांची काळजी, आणि कोंबडीचे सार. आज या देशात कोणाला शिंक आली तरी जे सार चुलीवर चढते, त्याच्या पाठीशी इतके मोठे नाव उभे आहे.

या थोर पुरुषाच्या आयुष्यात हिंदुस्थान दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा मनाला चटका लावून जातो. त्यांचा धाकटा भाऊ दाविद व्यापारासाठी हिंदी महासागरातून जात असता बुडाला. त्या दुःखाने रामबाम दीर्घकाळ अंथरुणाला खिळले. पुढे प्रोव्हान्समधील लुनेल येथील विद्वानांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख केला: त्यांना लिखित तोरा ठाऊक नाही, ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढेच त्यांना येते. ते आपल्याच पूर्वजांविषयी असेल, तर आपण त्यांना केवळ दोन गोष्टींवरून ओळखू आलो. मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही. ज्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता त्यांनी दोन गोष्टी शतकानुशतके सोडल्या नाहीत.

ग्रंथ नसलेल्या त्या काळात आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. सार्वजनिक प्रार्थनालय तेव्हा नव्हतेच. शमुएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात शाआर हाराहामीम बांधले ते १७९६ मध्ये, आणि ते आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनालय. तोवर सण घरात होत आणि त्यांना मराठी नावे होती. नव्याचा सण, बिरड्याचा रोजा, आणि योम किप्पूरचे नाव दारफाळणीचा सण. हाईम शमुएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला आपल्या समाजाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे ठाऊक आहे. त्या दिवशी घरची माणसे शुभ्र वस्त्रे नेसून, उपास करून, दार फाळून म्हणजे बंद करून आत बसत. बाहेरच्या कोणाशी संपर्क ठेवीत नसत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई आणि आप्तेष्टांच्या भेटी होत.

पुस्तकांवर वाढलेल्या यहुद्यांच्या दृष्टीने हा चमत्कारिक प्रकार होता. त्यांच्या मते वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी सर्वांनी एकत्र जमायचे असते. आमच्या पूर्वजांनी मात्र त्या दिवशी एकमेकांपासून दूर राहून देवाजवळ जाण्याची रीत धरली होती. एकत्र जमणे हेही पुण्य आणि दार फाळून आत बसणे हीही सेवा, हे दोन्ही संस्कार आपल्या रक्तात आहेत.

एकोणिसाव्या शतकात प्रार्थनालये वाढली, लोक जमू लागले, आणि १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या समाजाचे कीर्तन सुरू झाले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी साकी, दिंडी, ओवी यांत बांधून, पेटी-तबल्याच्या साथीने रात्रभर सांगितली जात. ध्वनिवर्धक नव्हता. दोनतीनशे माणसांना ऐकू जाईल असा गळा हीच कीर्तनकाराची सगळी मालमत्ता. गळा सांभाळण्याच्या युक्त्या त्याने मराठी मुलखातून सहजच उचलल्या. ज्येष्ठमधाची कांडी गालात असायची. सोबत कंकोळ, लवंग आणि खडीसाखर. आल्याचा रस मधातून. आदल्या दिवसापासून ताक, चिंच आणि तळलेले वर्ज्य. कारो यांच्या ग्रंथातील गोड डिंक आणि कोकणातील ज्येष्ठमध एकाच कामाचे, हे त्या कीर्तनकारांपैकी किती जणांना ठाऊक होते कोण जाणे. पण आवाजाची निगा ही श्रोत्यांची सेवा आहे, ही समजूत दोन्हीकडे तीच.

येथपर्यंतची कथा सुखाची आहे. आता १९१८ मध्ये यावे लागते.

त्या वर्षी जूनच्या १० तारखेस मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई ताप येऊन रुग्णालयात दाखल झाले. इन्फ्लुएन्झाची पहिली लाट ती. ती ओसरली आणि लोक निर्धास्त झाले. दुसरी लाट सप्टेंबरात आली व पहिलीहून कितीतरी भयंकर ठरली. आता आपले पंचांग त्या शेजारी ठेवून पाहा. इब्री वर्ष ५६७९ चा रोश हशाना ७ सप्टेंबर १९१८ रोजी, शनिवारी होता. योम किप्पूर १६ सप्टेंबरला. सुक्कोथ संपून सिम्हाथ तोरा २९ सप्टेंबरला. आणि ६ ऑक्टोबर, म्हणजे तिश्री महिन्याचा तिसावा व अखेरचा दिवस, हा मुंबईतील मृत्यूंचा सर्वांत वाईट दिवस ठरला. त्या एका दिवशी शहरात साडेसातशेहून अधिक माणसे मेली. साऱ्या हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

म्हणजे आपले सर्व मोठे सण, ज्यांत माणूस माणसाला खेटून उभा राहतो, तोरा हातोहात फिरते, तिला स्पर्श करून बोटे ओठांना लावली जातात, ते सगळे त्या लाटेच्या चढत्या पायरीवर पडले होते. मांडवीसारख्या दाट वस्तीत, जेथे १८९६ चा प्लेगही पहिल्याने दिसला होता, घरोघरी खोकला होता. आरोग्य खाते गर्दी टाळा असे सांगत होते. आमच्या घरात पिढीजात चालत आलेली गोष्ट अशी की माझे पणजोबा त्या सिम्हाथ तोराला अंगात कणकण असताना, आल्याचा काढा पिऊन, उबळ दाबून गेले. सण वर्षातून एकदा येतो, असे ते म्हणाले. ते स्वतः वाचले. त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय त्या महिन्यात गेली. कोणाला कोणापासून लागले ते कोणी सांगू शकत नव्हते. त्या दिवसांत ते सर्वत्रच होते. परंतु पणजोबांनी पुढे आयुष्यभर एक शब्द पाळला. खोकला असेल त्या दिवशी ते देवळाचा उंबरठा ओलांडीत नसत.

हा नियम आमच्या घरी वारसा म्हणून आला, आणि त्याची कसोटी लागली ती माझ्या आजोबांच्या वेळी. ती मी स्वतः पाहिली आहे.

साल १९५८ चा हिवाळा. कुलाबा जिल्ह्यातील खाडीकाठचे आमचे गाव. दहा वर्षांत घरामागून घर मुंबईला आणि तेथून इस्रायलला गेले होते. प्रार्थनालयाच्या भिंती पक्क्या, दिवे घासून लखलखीत, पण गावात प्रौढ पुरुष उरले होते नेमके दहा. मी नऊ वर्षांचा. म्हणजे बाकावर अकरावा, पण मिन्यानात न धरला जाणारा. त्या वर्षी गावातील एका गृहस्थांची आई वारली होती आणि ते कद्दीश म्हणत होते. कद्दीशला दहा माणसे लागतात. नऊ असतील तर मुलगा उभा राहतो, तोंड उघडतो, आणि पुन्हा खाली बसतो.

किसलेव महिन्यात आजोबांना खोकला झाला. कोरडा, रात्री दोनला उठवून बसविणारा. आजीने बुधवारपासूनच आघाडी उघडली. परसातील अडुळशाची पाने तव्यावर शेकून त्यांचा रस काढायचा आणि मधातून चाटवायचा. सुंठ, मिरी, ज्येष्ठमध, गवती चहा आणि गूळ यांचा काढा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. शुक्रवारी संध्याकाळी जेवणात कोंबडी असे, त्यामुळे रात्री हळदीचे दूध शक्य नव्हते. मांसानंतर दूध आमच्या घरी चालत नसे. म्हणून आजी नारळाच्या दुधात हळद व गूळ घालून देई. शब्बाथ लागण्यापूर्वी तांब्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे, आणि सकाळी तो कोमटच असे. खोकला शमला. पूर्ण गेला नाही, परंतु तासभर दबून राहील इतका शमला.

आता प्रश्न आला. हझान ज्या घरात राहत तेथे दीड महिन्याचे मूल होते, आणि पंचक्रोशीत डांग्या खोकल्याची साथ असल्याचे डॉक्टर सांगून गेले होते. आजोबांचा खोकला डांग्या की साधा, हे कोणी ठरवावे? मोठ्या माणसाला जो नुसता त्रास, तो तान्ह्या मुलाचा जीव घेऊ शकतो. हझान प्रार्थनेत आजोबांशेजारी उभे राहणार, आणि तेच हझान घरी जाऊन मुलाला उचलणार. एका पारड्यात वारलेल्या आईचा कद्दीश आणि दुसऱ्यात जिवंत मूल. पणजोबांचा उंबरठ्याचा नियम मोडावा, की दहावा माणूस गैरहजर राहावा?

शुक्रवारी दुपारी आजोबांनी मला हझानकडे निरोप घेऊन धाडले. हझान फार शिकलेले नव्हते. पूर्वी मुंबईला असताना वडीलधाऱ्यांकडून त्यांनी ऐकले होते तेवढेच त्यांचे ज्ञान. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आजोबांना सांग, आत येऊ नका. पूर्वेकडच्या खिडकीशी बाहेर उभे राहा. तुमचे तोंड आम्हांला दिसले पाहिजे.”

त्या शब्बाथला आणि पुढच्या चार शब्बाथांना माझे आजोबा डोक्यावरून शाल घेऊन खिडकीबाहेर उभे राहिले. खाडीवरून वारा येई. उबळ आली की ते तोंड फिरवून, रुमाल लावून खोकत, आणि पुन्हा चेहरा गजांशी आणीत. आत नऊ, बाहेर एक. ते गृहस्थ कद्दीशला उभे राहत तेव्हा आधी खिडकीकडे पाहत, तेथे चेहरा आहे याची खात्री करीत, आणि मग आरंभ करीत. आजोबांचे आमेन बाहेरून येई, घोगरे आणि अर्धा क्षण उशिरा. मी आजन्म पुष्कळ हझान ऐकले, गोड गळ्याचे कीर्तनकार ऐकले. त्या घोगऱ्या आमेनइतके काही माझ्या कानांत राहिले नाही.

पुढे मी या देशात आलो, येथील भाषा शिकलो, आणि एके दिवशी शुल्हान आरुख वाचताना मिन्यानच्या नियमांत तोच नियम समोर आला. जो प्रार्थनालयाच्या मागे उभा आहे, आणि मध्ये खिडकी आहे, ती कित्येक मजले उंच का असेना, त्याने तेथून आपले तोंड दाखविले तर तो दहांत धरला जातो. गावच्या हझानने तो ग्रंथ उघडून पाहिला नसेल. कोणाकडून तरी ऐकलेला नियम त्याच्या मनात तीस-चाळीस वर्षे पडून होता, आणि नेमक्या शुक्रवारी दुपारी उपयोगी पडला. मार्च २०२० मध्ये या देशातील प्रार्थनालयांना कुलुपे लागली आणि लोक आपापल्या गच्चीत व सज्जांत उभे राहून एकमेकांचे चेहरे शोधू लागले, तेव्हा पुष्कळांनी हाच नियम पुन्हा काढला. आमच्या घरात तो नवा नव्हता.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. ती न सांगता हे व्याख्यान संपविले तर तो अप्रामाणिकपणा ठरेल.

हे सर्व ठाऊक असून एका हिवाळ्यात, कोरोनाच्या बऱ्याच आधी, मी ते विसरलो. मलिद्याचा कार्यक्रम होता आणि एलियाहू हन्नाबीची गाणी मी म्हणावी असा आग्रह होता. मला आठ दिवसांचा खोकला. येथील आमची पहिली घरे हिवाळ्यात किती गार असत आणि रॉकेलच्या शेगडीच्या धुराने रात्री सगळे घर कसे खोकत असे, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या दिवसांपासून शेजारीपाजारी उपायांची देवघेव चालत आली आहे. इराकी शेजारणीने वाळलेल्या लिंबाचा चहा दिला, मोरोक्कोच्या घरून पुदिना आला, पत्नीने भारतातून आणलेला ज्येष्ठमध उकळला. येथे त्याला शूश म्हणतात, आणि तो या देशाच्या रानातही उगवतो. गळा सुरेख मोकळा झाला. मी गायलो, लोकांनी वाहवा केली, आणि मी एका वृद्ध काकांना मिठी मारून त्यांच्या शेजारी तासभर बसलो. दहा दिवसांत त्या मंडळीतील पाच जण आजारी पडले. काका न्यूमोनिया होऊन अकरा दिवस रुग्णालयात होते. ते घरी आले, देवाची कृपा. पण मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “अरे, तू त्या दिवशी काय सुंदर गायलास!” आणि मला मान वर करवेना. मला लागले ते त्यांना माझ्याकडूनच लागले असे सिद्ध करता येणार नाही. तसे नव्हतेच, असेही मला म्हणता येत नाही.

कारो यांच्या भेदाकडे मी परत येईन असे म्हटले होते, ते यासाठी. मी आवाज गोड केला होता आणि रोग बरा झाला असे समजून बसलो होतो. ज्येष्ठमध गळ्याला फसवीत नाही. आपणच स्वतःला फसवितो. शमलेला खोकला हा गेलेला खोकला नव्हे.

म्हणून आपल्या आज्यांच्या औषधांविषयी आजच्या ज्ञानाच्या आधारे दोन शब्द. मध खोकला खरोखर हलका करतो. मात्र एक वर्षाच्या आतील मुलाला मध कदापि देऊ नये. अडुळशातील गुणद्रव्यावरूनच आजच्या खोकल्याच्या काही प्रसिद्ध औषधांची निर्मिती झाली, तेव्हा आजीचा तवा अगदीच अडाणी नव्हता. ज्येष्ठमध रोज व फार घेतल्यास रक्तदाब वाढतो. ज्यांना तो विकार आहे त्यांनी जपून घ्यावा. उलट, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीच कोरडा खोकला लागतो. तसे वाटल्यास काढे पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पडशानंतरचा खोकला दोनतीन आठवडेही रेंगाळतो, त्याने घाबरू नये. पण त्याहून लांबला, ताप किंवा धाप आली, रक्त दिसले, तर रब्बी मात्या यांचा नियम लावावा. तेथे शंका पुरे. शब्बाथ असला तरी थांबू नये.

आणि सभेला जाण्याविषयी. खोकला नवा असेल, अंगात ताप असेल, तर काढा घ्यावा तो झोपेसाठी घ्यावा, येथे येण्यासाठी नव्हे. त्या दिवशी दार फाळावे. आपल्या पूर्वजांनी ती सेवा मानली होती. जुना, रेंगाळलेला खोकला असेल तर जरूर यावे. शुक्रवारी दिवे लागण्यापूर्वी काढ्याचा थर्मास भरून ठेवावा, रुमाल जवळ ठेवावा आणि खिडकीजवळ बसावे. जो कोणी खोकेल त्याच्याकडे वळून पाहू नये. तो आधीच ओशाळलेला असतो. आणि जो आला नाही त्याच्या घरी शिळा सणासारखे दुसऱ्या दिवशी कोणीतरी जावे, दाराशी सार ठेवावे आणि दुरून बोलावे.

व्यवस्थापकांना माझी एक विनंती आहे. आपल्या सभागृहाची पूर्वेकडची खिडकी गेली कित्येक वर्षे रंगाने चिकटून बंद झाली आहे. ती उघडून घ्यावी. बाहेर एक बाक ठेवावा. कोणास ठाऊक, एखाद्या हिवाळ्यात आत नऊच असतील.

शावुआ तोव.